टाकी तीच, फ्लोट खाली: टेस्ला मॉडेल एसच्या २०१९ सालच्या अपडेटचं प्रकरण

मे २०१९च्या मध्यात टेस्लाने मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांसाठी एक सॉफ्टवेअर अपडेट सोडलं. आवृत्ती २०१९.१६.१, आणि तिच्यामागोमाग २०१९.१६.२. मालकाने रात्री पडद्यावर बोट टेकवलं, सकाळपर्यंत अपडेट बसलं, आणि काही जुन्या गाड्यांची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाता येणारं अंतर, त्यानंतर जी घसरली ती महिनोन्‌महिने वर आली नाही. कुणाची वीस-पंचवीस किलोमीटरने गेली, कुणाची पन्नासच्या वर. यात ८५ किलोवॉट-अवर बॅटरीच्या सुरुवातीच्या मॉडेल एस गाड्यांचा भरणा होता. गाडी कुठे आपटली नव्हती, बॅटरीला कुणी पाना लावला नव्हता, कडाक्याची थंडीही नव्हती. आदल्या दिवशी पूर्ण चार्जवर दिसणारा आकडा दुसऱ्या दिवशी दिसेना, एवढंच.

प्रकरण पुढे कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात गेलं, अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियामकाकडे गेलं, तिकडे नॉर्वेतही गेलं. तिन्हीकडे तीन तऱ्हा झाल्या. पण मालक पहिल्या दिवसापासून जे विचारत होते, की माझी बॅटरी खराब आहे की नाही ते सांगा, त्याचं सरळ उत्तर एकाही ठिकाणी निघालं नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच खटकतं. पूर्वी गाडीत खोट निघाली तर कंपनीला ती कबूल करून गाडी परत बोलवावी लागे, नाहीतर खोट नाहीच असं ठणकावून सांगावं लागे. अपडेटने तिसरी वाट काढून दिली: काहीच कबूल न करता खोट झाकायची, आणि त्याची किंमत मालकाच्या रेंजमधून वळती करून घ्यायची.

अपडेट म्हणजे भेट, अशी सवय

हे मालक पहिल्यापासून कंपनीवर डूख धरून बसलेले नव्हते, उलट तेच तिचे सगळ्यात मोठे भक्त होते. मॉडेल एस जून २०१२पासून ग्राहकांच्या हातात पडू लागली. गाडी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टच्या कारखान्यात बनायची आणि फ्रीमॉन्ट, सनीव्हेल, कुपर्टिनो या पट्ट्यात मराठी घरं काही कमी नाहीत. तिथे २०१३-१४ साली मॉडेल एस घेणं म्हणजे भविष्यकाळ आगाऊ विकत घेतल्यासारखं होतं. त्या भविष्यकाळातला सगळ्यात झकास भाग म्हणजे गाडी घेतल्यानंतरही सुधारत राहायची. आपल्याकडे नवी गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर पडली की जुनी होते. इथे उलटं.

आणि ही नुसती जाहिरातबाजी नव्हती. मे २०१८मध्ये अमेरिकेच्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने मॉडेल ३ची चाचणी घेतली, तेव्हा ताशी ६० मैल वेगावरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले. हे अंतर एका मोठ्या पिकअप ट्रकपेक्षाही जास्त होतं, म्हणून संस्थेने गाडीची शिफारस करायला नकार दिला. दोन आठवड्यांच्या आत अपडेट आलं. पुन्हा चाचणी झाली तेव्हा तीच गाडी १३३ फुटांत थांबली. ब्रेक पॅड तेच, टायर तेच. बदलला तो फक्त एबीएसचा हिशोब. घरी उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक असे सुधारल्याचं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

सप्टेंबर २०१७ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ चालून येत होतं आणि लोक गाड्या काढून उत्तरेकडे निघाले होते. टेस्लाने काही गाड्यांमध्ये बसवलेली बॅटरी मोठी, ७५ किलोवॉट-अवरची होती, पण ६०चे पैसे भरणाऱ्याला सॉफ्टवेअर तेवढीच वापरू द्यायचं. एका मालकाने विनंती केली आणि कंपनीने त्याच्या गाडीतलं कुलूप काढलं. मग त्या भागातल्या तशा सगळ्याच गाड्यांचं काही दिवसांसाठी काढलं. लोकांना घरबसल्या पन्नासएक किलोमीटर जादा मिळाले. कौतुकाचा पाऊस पडला, आणि तो रास्तही होता. पण रेंज दुरून वाढवता येते म्हणजे दुरून कमीही करता येते, याचा विचार त्या गडबडीत फारसा कुणी केला नाही. कुलपाची किल्ली मालकाकडे कधीच नव्हती.

शांघाय, हाँगकाँग आणि एक सावध वाक्य

२१ एप्रिल २०१९ला शांघायमधल्या एका तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी असलेली मॉडेल एस पेटली. सीसीटीव्हीत दिसतं ते असं: गाड्यांच्या रांगेत एक पांढरी गाडी, तिच्या पोटाखालून धूर येऊ लागतो आणि काही क्षणांत भडका उडतो. चालक नाही, टक्कर नाही, चार्जरची वायरही जोडलेली नाही. हा व्हिडिओ चीनभर फिरला. मे महिन्यात हाँगकाँगच्या सान पो काँग भागात पार्क केलेली आणखी एक मॉडेल एस जळाली.

टेस्लाच्या गाड्या आधीही पेटल्या होत्या. २०१३मध्ये रस्त्यावरचा लोखंडी तुकडा बॅटरीच्या तळाला लागून आगी लागल्या, तेव्हा कंपनीने आधी अपडेट सोडून हायवेवर गाडीची उंची थोडी वाढवली आणि पुढच्या वर्षी तळाला टायटॅनियमचा पत्रा बसवून दिला. तिथे कारण डोळ्यांना दिसत होतं. इथे गाडी जागच्या जागी, आपण होऊन पेटली होती. बॅटरीवाल्यांना रात्री झोप लागू नये अशी ही गोष्ट.

हाँगकाँगनंतर काही दिवसांतच कंपनीने जाहीर केलं की तपास चालू आहे, पण खबरदारी म्हणून मॉडेल एस आणि एक्सच्या चार्जिंगच्या आणि तापमान सांभाळण्याच्या सेटिंग्ज आम्ही अपडेटने बदलतो आहोत. त्याने बॅटरीला आणखी संरक्षण मिळेल आणि तिचं आयुष्यही वाढेल. निवेदन नीट वाचलं तर दोन कारणं एकाच वाक्यात जोडून दिलेली दिसतात. संरक्षण ही आगीची गोष्ट, आयुष्य ही झिजेची. पुढे शांघायच्या आगीचा तपास संपल्यावर कंपनीने सांगितलं की गाडीच्या पुढच्या भागातल्या एका बॅटरी मॉड्यूलमध्ये, म्हणजे सेलच्या एका कप्प्यात, बिघाड झाला होता आणि एकूण प्रणालीत दोष नाही. दोष एका मॉड्यूलमध्ये होता, मग जगभरच्या गाड्यांच्या सेटिंग्ज कशाला बदलल्या? या प्रश्नाची दोन उत्तरं असू शकतात आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशेने जातात. एक, अतिसावधपणा. दुसरं, कुठल्या गाड्या शांघायसारख्या वागतील याचा कंपनीला काहीतरी अंदाज होता आणि सॉफ्टवेअर नेमक्या त्याच गाड्या हेरत होतं. सगळ्या गाड्यांची रेंज घटली नव्हती. काहींचीच घटली होती. मालकांच्या संशयाची सुरुवात तिथून झाली.

शून्य पूर्णांक एक व्होल्ट

८५ किलोवॉट-अवरच्या त्या बॅटरीत ७,१०४ सेल आहेत. घरातल्या रिमोटच्या पेन्सिल सेलपेक्षा किंचित मोठे, १८६५० मापाचे, पॅनासॉनिकचे. ७४ सेलचा एक समांतर गट आणि असे ९६ गट एकामागोमाग जोडलेले. प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो, म्हणजे सगळी बॅटरी साधारण ४०० व्होल्टवर. या शेवटच्या टप्प्यातच लिथियम सेलवर सगळ्यात जास्त ताण असतो. जलद चार्जरने भसाभस भरून, काठोकाठ भरलेली गरम बॅटरी तशीच उभी करून ठेवणं ही तिची सगळ्यात वाईट अवस्था. म्हणून धोका कमी करायचा तर सोपा उपाय म्हणजे ४.२पर्यंत जाऊच द्यायचं नाही.

अपडेटने नेमकं हेच केलं. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट वाकवून खाली केला की टाकी तेवढीच राहते, पण पाणी आधीच बंद होतं, तसंच हे. फरक एवढाच की टाकीत डोकावून पाहता येतं. इथे पडद्यावर चार्ज १०० टक्केच दिसायचा, कारण शंभर कशाला म्हणायचं तेही सॉफ्टवेअरच ठरवतं. ४.२चे ४.१ व्होल्ट झाले तर कागदावर जेमतेम अडीच टक्क्यांचा फरक, पण सेलमधली साधारण दहावा हिस्सा ऊर्जा त्या शेवटच्या वरच्या पट्टीत असते. नवीन असताना ४२६ किलोमीटरचा सरकारी आकडा मिरवणारी गाडी पाच-सहा वर्षांच्या नैसर्गिक झिजेने चारशेवर आली असेल, तर त्यातले आणखी चाळीस एका रात्रीत गेले.

मालकांनी हे शोधून कसं काढलं, हा या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग. गाडीच्या निदान कनेक्टरला वायर आणि ओबीडी अडॅप्टर लावून फोनवर कॅन बसचे, म्हणजे गाडीच्या अंतर्गत जाळ्यातून फिरणारे, आकडे वाचणारी ॲप त्या काळात होतीच. काही हौशी मालक वर्षानुवर्षं आपल्या गाडीची नोंद ठेवत होते: तारीख, किलोमीटर, १०० टक्क्यांवरची रेंज, गटागटाचं व्होल्टेज. झिजेचा आलेख कसा असतो? हळूहळू उतरत जाणारी, जवळजवळ आडवीच रेघ. या लोकांच्या आलेखात मे-जून २०१९ला एक खडी पायरी आली. त्याच दिवशी सेलचं कमाल व्होल्टेज ४.२ऐवजी ४.१च्या आसपास अडकलेलं दिसलं. झीज अशी पायरीने होत नाही. पायरी दिसली म्हणजे कुणीतरी हात घातला आहे.

शिवाय सुपरचार्जरवर, म्हणजे टेस्लाच्या जलद चार्जरवर, पूर्वी अर्ध्यापाऊण तासात आटोपणारं चार्जिंग रेंगाळू लागलं. गाडी बंद करून घरात गेल्यावरही कूलंट पंप आणि पंखे घरघरत राहत असल्याच्या तक्रारी आल्या. हे तिन्ही बदल एकत्र ठेवले, म्हणजे कमी भरायचं, हळू भरायचं आणि भरल्यावर थंड करत राहायचं, तर शांघायच्या गाडीत जे घडलं त्यावरचा हा त्रिसूत्री उतारा आहे हे कळायला इंजिनिअर असायची गरज नाही.

तक्रारी वाढल्या तेव्हा कंपनीचं म्हणणं असं आलं की जुन्या गाड्यांपैकी अगदी थोड्यांना, पूर्ण चार्ज केल्यावर, रेंजमध्ये थोडी घट जाणवली असेल. हे अपडेट बॅटरीचं आयुष्य वाढवण्यासाठी आहे. मे महिन्यातलं 'संरक्षण' आता मागे पडलं आणि 'आयुष्य' पुढे आलं. सर्व्हिस सेंटरवर गेलेल्यांना बहुधा तेच ठरलेलं वाक्य ऐकायला मिळायचं, बॅटरी तिच्या वयाच्या मानाने ठीक आहे.

हे वाक्य इतकं महत्त्वाचं का, ते वॉरंटीचा कागद पाहिल्यावर कळतं. त्या मॉडेल एसच्या बॅटरीला ८ वर्षांची वॉरंटी होती, किलोमीटरची मर्यादा नाही. भरघोस वाटते. पण वापराने होणारी क्षमतेतली घट त्या वॉरंटीत बसत नव्हती. म्हणजे घट ही 'वय' असेल तर मालकाची, 'दोष' असेल तर कंपनीची. आणि अपडेटने केलेली घट? ती वय नव्हती, आणि दोष म्हटलं तर आख्खी बॅटरी बदलून द्यावी लागली असती, जिचा खर्च वीस हजार डॉलरच्या घरात जातो. आणखी एक मेख त्याच कागदात होती: सूचना मिळूनही अपडेट बसवलं नाही तर वॉरंटीवर गदा येऊ शकते. त्यामुळे शहाणपणा करून वायफाय बंद ठेवणारे, 'आता नको' दाबत राहणारे मालकही कात्रीत सापडले. आणि एकदा बसवलेलं अपडेट मागे घेण्याची सोय मालकाच्या हातात नव्हतीच.

इथे कंपनीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. आगीची शंका असेल तर आधी फ्लोट खाली करणं आणि मग चौकशी करणं हाच बरोबर क्रम आहे. मी त्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. हजारो गाड्या वर्कशॉपमध्ये बोलवायला महिने लागतात, आणि तोवर त्या लोकांच्या घराखाली, झोपायच्या खोलीच्या खाली उभ्या असतात. अपडेट करण्यात काहीच वावगं नव्हतं. ते कशासाठी आहे, कुणाच्या गाडीला लागू झालं, किती रेंज जाईल आणि परत कधी मिळेल, या चार गोष्टी पडद्यावर लिहायला फार तर चार ओळी लागल्या असत्या. मालकाची संमती होती, बटण त्यानेच दाबलं होतं. पण कशाला संमती देतोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

सहाशे पंचवीस डॉलर

ऑगस्ट २०१९मध्ये २०१४ सालच्या एका मॉडेल एसच्या मालकाने उत्तर कॅलिफोर्नियाच्या संघराज्य न्यायालयात, सर्व बाधितांच्या वतीने, सामूहिक दावा लावला. त्या वेळी अमेरिकेत जुने आयफोन गुपचूप मंद केल्याचं प्रकरण ताजं होतं. ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये ते मान्य केलं होतं आणि पुढे २०२०मध्ये ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. त्यामुळे 'बॅटरीगेट' हे नाव या गाड्यांनाही चिकटलं.

खटला निकालापर्यंत गेलाच नाही. जुलै २०२१मध्ये तडजोड झाली: एकूण १५ लाख डॉलर, १,७४३ गाड्या, प्रत्येकीला ६२५ डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण साडेसेहेचाळीस हजार रुपये. वकिलांची फी आणि खर्च सुमारे ४ लाख १० हजार डॉलर. तडजोडीच्या कागदपत्रांतून जी माहिती बाहेर आली ती रकमेपेक्षा मोलाची होती. साधारण १० टक्क्यांची कपात सुमारे तीन महिने होती, त्यानंतर ७ टक्क्यांची आणखी सात महिने, आणि मार्च २०२०मध्ये ती उठवणारं अपडेट आलं. १,७४३ पैकी १,५५२ गाड्यांचं व्होल्टेज पूर्ववत झालं होतं. ५७ गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून दिल्या होत्या. बाकीच्यांचं गाडी चालवता चालवता हळूहळू परत येईल, असं सांगण्यात आलं.

त्या ५७वर थोडं थांबू. कंपनीच्या मते प्रणालीत दोष नव्हता. पण कपात झालेल्या गाड्यांपैकी शेकडा तीनच्या वर गाड्यांना नवी बॅटरी द्यावी लागली. याचा अर्थ सॉफ्टवेअर आंधळेपणाने कापत नव्हतं, त्याने चाळणी लावली होती, आणि चाळणीत अडकलेल्यांपैकी काही खरोखरच आजारी निघाल्या. मग उरलेल्या मालकांना दहा महिने 'वयाच्या मानाने ठीक' असं का सांगितलं गेलं? बेरीज केली तर १३४ गाड्या या दोन्ही हिशोबांच्या बाहेर राहतात. त्यांच्या मालकांना मिळालं ते आश्वासन.

रक्कम कशी ठरली, याचंही एक तर्कशास्त्र आहे. व्होल्टेज तात्पुरतं कमी होतं, म्हणून तेवढ्या काळाचं भाडं काढल्यासारखं मूल्य काढलं, आणि ६२५ डॉलर त्याच्या कितीतरी पट भरतात असं मांडलं गेलं. गणित म्हणून ते ठीकच आहे. तडजोडीतला मला आवडलेला भाग मात्र दुसराच: वॉरंटीतल्या गाड्यांमध्ये बॅटरीची दुरुस्ती लागेल असं निदान सॉफ्टवेअरने केलं तर ते मालकाला कळवत राहायचं. पहिल्या दिवशी फुकट करता आलं असतं ते काम दोन वर्षांनी वकिलांमार्फत झालं.

नियामकाची अडचण

याच मालकांच्या वकिलाने सप्टेंबर २०१९मध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसए या वाहन सुरक्षा नियामकाकडे अर्ज केला. त्याचा सूर असा: ही रेंजची तक्रार नाही, बॅटरीत आगीचा दोष आहे आणि अपडेट करून कंपनीने तो झाकला, रिकॉल टाळण्यासाठी हे केलं. नियामकाने अर्ज तपासायला घेतला आणि दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२१मध्ये, फेटाळला. त्याची कारणं अशी: चीनमधल्या ज्या गाड्या पेटल्या त्या नुकत्याच जलद चार्जरवर भरलेल्या होत्या, उभ्या असताना त्यांचं कूलिंग बंद होतं, आणि त्यांच्या बॅटऱ्यांवर आधीपासून ताणाचा वापर झाला होता. अमेरिकेत जलद चार्जिंगशी जोडता येईल अशी आग नव्हती, आणि मे २०१९नंतर जगात कुठेही तशी घटना नव्हती.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मे २०१९ म्हणजे अपडेट सुटलं तो महिना. त्यानंतर आग लागली नाही, हा दोष नसल्याचा पुरावा मानायचा की औषध लागू पडल्याचा? औषध लागू पडलं असेल तर दुखणं होतं. नियामकापुढचा सवाल 'आज धोका आहे का' एवढाच होता, आणि त्याचं उत्तर त्याने प्रामाणिकपणे दिलं. पण धोका उतरवण्याचं बिल कुणी भरलं, हे विचारणं त्याच्या कामात बसतच नव्हतं.

याच गाड्यांच्या बाबतीत दुसऱ्या एका प्रकरणात मात्र हाच नियामक कडक वागला. जुन्या मॉडेल एस आणि एक्सच्या मोठ्या पडद्यामागे ८ जीबीची एक मेमरी चिप होती. सॉफ्टवेअर तिच्यावर सतत नोंदी लिहीत राहायचं आणि अशा चिपवर ठराविक वेळाच लिहिता येतं, त्यामुळे काही वर्षांत ती झिजून पडदा काळा व्हायचा. मालक बरेच महिने ओरडत होते. २०२१च्या सुरुवातीला नियामकाच्या दट्ट्यामुळे टेस्लाने अमेरिकेतल्या १,३४,९५१ गाड्या परत बोलावल्या. का? कारण पडदा गेला की मागचा कॅमेरा दिसत नाही, आणि मागच्या कॅमेऱ्याच्या चित्रासाठी अमेरिकेत सुरक्षेचं मानक आहे. रेंजसाठी असं मानक नाही. चार इंच चित्र गेलं तर कायदा जागा होतो, चाळीस किलोमीटर गेले तर तो ग्राहकाचा खासगी वाद.

नॉर्वेत

नॉर्वेत रस्त्यावर मॉडेल एस इतक्या की सप्टेंबर २०१३मध्ये ती त्या देशातली सगळ्यात जास्त खपलेली गाडी होती. तिथे हिवाळ्यात रेंज तशीच पडते, त्यात ही कपात. तीसेक मालक 'फोर्लिक्सरोद'कडे गेले. हे तिथलं स्थानिक समेट मंडळ, आपल्या लोकअदालतीच्या जवळ जाणारं. सामान्य नागरिक सदस्य म्हणून बसतात. टेस्लाने मुदतीत उत्तरच दिलं नाही. मे २०२१मध्ये मंडळाने मालकांच्या बाजूने कौल दिला: प्रत्येकी १,३६,००० क्रोनर, म्हणजे सोळा हजार डॉलरच्या आसपास.

एकच कंपनी, एकाच जातीचं अपडेट; कॅलिफोर्नियात ६२५, नॉर्वेत सोळा हजार. नॉर्वेचा तो कौल एकतर्फी होता आणि कंपनीला त्यापुढे न्यायालयाची पायरी मोकळी होती, त्यामुळे तो आकडा नुकसानीचं मोजमाप म्हणून कुणी मिरवू नये. पण दोन्हीकडच्या हिशोबाचा पाया वेगळा आहे. अमेरिकेत विचारलं गेलं, काही महिने कमी मिळालेल्या वस्तूचं भाडं किती? तर एवढी मोठी रक्कम मागणाऱ्या नॉर्वेच्या मालकांच्या लेखी वस्तूच कायमची उणी झाली होती.

मुंबई, पुणे

जुलै २०२५मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूम उघडलं आणि मॉडेल वाय विकायला ठेवली गेली, साठेक लाखांना. पण आपल्या रस्त्यावर हा प्रश्न त्याआधीच आला होता. फेब्रुवारी २०२३मध्ये टाटाने नेक्सॉन ईव्ही मॅक्सच्या जुन्या मालकांना डीलरकडे सॉफ्टवेअर अपग्रेड देऊ केलं: प्रमाणित रेंज ४३७वरून ४५३ किलोमीटर. लोकांनी हौसेने करून घेतलं, यात तक्रार करण्यासारखं काही नाही. लक्षात राहतं ते एवढंच की रेंज वाढते तेव्हा उद्योगाकडे किलोमीटरपर्यंत नेमका आकडा असतो. घटते तेव्हा 'थोडी' हा शब्द असतो.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी झाल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा वाहन सॉफ्टवेअर अपडेटसाठीचा नियम, आर-१५६, २०२०मध्ये मंजूर झाला आणि जुलै २०२४पासून युरोपीय संघात सगळ्या नव्या गाड्यांना लागू आहे. अपडेट बसवण्याआधी त्याचा हेतू काय आणि गाडीच्या कामकाजात काय बदलेल, हे वापरणाऱ्याला सांगणं त्यात बंधनकारक आहे. भारतात त्याच धर्तीवर एआयएस-१९० या मानकाचा मसुदा आला. अशा मानकांवर जिथे काम चालतं ती एआरएआय ही वाहन संशोधन संस्था म्हणजे पुण्यात कोथरूडकर जिथे पहाटे चालायला जातात ती टेकडी. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०अ नुसार सरकार दोष असलेल्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. पण तिथेही आधी 'दोष' सिद्ध व्हावा लागतो, आणि आपली गाडी तिथेच येऊन अडते. व्होल्टेजची मर्यादा बदलणं हा गाडीच्या कामकाजातला बदल मानायचा आणि तो किलोमीटरमध्ये लिहून द्यायचा, एवढं एक कलम तेव्हाच्या नियमांत असतं तर २०१९चं निम्मं प्रकरण उभंच राहिलं नसतं.

तोवर मालकाने करायचं ते साधं आहे. अपडेटआधी गाडी एकदा १०० टक्के चार्ज करून पडद्याचा फोटो काढायचा, ओडोमीटरसकट. अपडेटनंतर आठवडाभरात पुन्हा एकदा, शक्यतो तशाच हवेत. सर्व्हिस सेंटरवर अपडेट होणार असेल तर आधीची आणि नंतरची सॉफ्टवेअर आवृत्ती जॉब कार्डवर लिहून घ्यायची. 'जनरल चेकअप, सॉफ्टवेअर अपडेट डन' एवढ्यावर सही करायची नाही. सल्लागार कुरकुर करतो, सिस्टीममध्ये तसा रकानाच नाही म्हणतो. तर पेनाने लिहायला सांगायचं आणि त्याचा फोटो काढून ठेवायचा.